सोपाऱ्याचा अधू डोळ्यांचा तांडेल

बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा सांगणाऱ्या आर्यशूराच्या संस्कृत ‘जातकमाले’तली चौदावी कथा, ‘सुपारगजातक’, मला साऱ्या ३४ कथांत जवळची वाटते, कारण ती आपल्या किनाऱ्याची आहे. सुपारग हे नावाड्याचं नाव आणि तो राहतो त्या नगराचंही. हे नगर म्हणजे शूर्पारक, पालघर किनाऱ्यावरच्या मुरबे गावाच्या दक्षिणेचं आजचं नालासोपारा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच आणि कल्याण यांच्या दरम्यान या बंदराचं नाव येतं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथेच सापडला.

पण कथेतल्या बंदराला ना तटबंदी आहे, ना बाजार. आर्यशूर आपली सारी शब्दकळा एका माणसाच्या जाणतेपणावर उधळतो. ताऱ्यांची चाल, मासे, पाण्याचा रंग, तळाची जमीन, पक्षी, खडक एवढ्यावरून सुपारग दर्याचा ठाव सांगतो. मुरबे-सातपाटीच्या तांडेलाला या खुणा समजावून सांगाव्या लागणार नाहीत. बंदर म्हणजे धक्का नव्हे, बंदर म्हणजे हे जाणतेपण, असं मला ही कथा वाचताना ठामपणे वाटतं. मुरब्यासमोर नवं बंदर उभारण्याचा प्रस्ताव चर्चेत असताना तर जास्तच.

मूळ पाली कथेत हा नावाडी भडोचचा. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी जाते, मग तो राजाकडे हत्ती-घोड्यांची पारख करतो. आर्यशूराने ती दरबारी हकीकत गाळली, आंधळेपणाऐवजी म्हातारपण दिलं आणि त्याला सोपाऱ्याचा केलं. ही काटछाट मला फार मोलाची वाटते. आता व्यापारी त्याच्याकडे येतात ते काही काम करून घ्यायला नव्हे. थकलेला, नजर अधू झालेला हा माणूस नुसता गलबतावर असावा, एवढंच त्यांचं मागणं.

सुवर्णभूमीकडे निघालेलं गलबत वादळात भरकटतं आणि कथा अद्भुतात शिरते. एकामागून एक समुद्र लागतात: क्षुरमाली, दधिमाली, अग्निमाली, कुशमाली, नलमाली. कुठे पाणी दह्यासारखं पांढरं, कुठे आगीसारखं धगधगतं. प्रत्येक वेळी घाबरलेले व्यापारी तोच प्रश्न विचारतात आणि म्हातारा त्या समुद्राचं नाव सांगतो. तो धीर देतो, पण खोटी आशा दाखवत नाही: आपण घरापासून फार लांब आलो आहोत, हेही सांगतो. ज्याला नाव आहे त्या पाण्यात माणूस पुरता हरवलेला नसतो. म्हणून या पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही, उलट प्रत्येक नावागणिक भीती आणि भरवसा दोन्ही वाढत जातात.

शेवटी वडवामुख, जिथून कुणी परतत नाही. इथे विद्या संपते. जाणतेपणी एकाही जिवाची हिंसा केली नाही, या सत्याच्या बळावर सुपारग गलबत माघारी वळवतो. मग तो व्यापाऱ्यांना समुद्रातली वाळू आणि दगड गलबतात भरून घ्यायला लावतो. उजाडताना त्यांचं सोनं, रुपं, रत्नं झालेली दिसतात.

गलबत लागतं ते मात्र भडोचला. पाली कथेत ते जमिनीवरूनही सरकत थेट नावाड्याच्या दारात येतं. आर्यशूराने सुपारगाला सोपारा दिलं, पण त्याला तिथे परत नेलं नाही. एवढ्या कसदार कथेत हीच एक उणीव मला सलते.