महापुराआधीचा शब्द

एखादी वस्तू फारच जुनाट असली की आपण तिला 'बाबा आदमच्या जमान्यातली' म्हणतो. इंग्रज माणूस तिथे 'अँटिडिलूव्हियन' म्हणतो. आपण आदमाला धरले, त्याने नोहाच्या महापुराला. लॅटिनमध्ये 'अँटे' म्हणजे आधी आणि 'डिलूव्हियम' म्हणजे पूर. त्याच्या मुळाशी धुऊन नेण्याचा अर्थ आहे. बायबलमधल्या, चाळीस दिवस नि चाळीस रात्री कोसळलेल्या पावसाआधीचे ते अँटिडिलूव्हियन. टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने लोकांच्या खुळ्या समजुती खोडायला १६४६ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात हा शब्द भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिक जीवाश्मांना गंभीरपणे हेच विशेषण लावत. जगबुडीचा सिद्धांत मागे पडला आणि शब्दाच्या वाट्याला थट्टा उरली.

तरी त्यातली गंमत जात नाही. हा शब्द वर्षे मोजत नाही. भिंतीवर उरलेल्या पुराच्या खुणेसारखी एक रेघ ओढतो.

वैनगंगेकाठच्या पवनीत तो आठवतो. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप सापडला. इथल्या शिल्पात पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे. बुद्धाला ज्ञान झाल्यावर सात दिवस अवेळी पाऊस पडला, तेव्हा ज्याने फणा उभारून त्याला झाकले, तो हा नाग. पाऊस इथेही अफाट, पण कोणी बुडाले नाही. म्हणून त्या पावसाच्या 'आधीचा' असा काळ कोणी मोजला नाही. काळाची रेघ ओढते ते बुडवणारे पाणी. तारणाऱ्या फण्यावरून कालगणना होत नाही. त्याचे शिल्प होते.

याच पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण झाले. पाण्याखाली जाणाऱ्या गावांना सरकारी कागदात नाव मिळाले 'बुडीत क्षेत्र'. परत न येणाऱ्या कर्जालाही मराठी 'बुडीत'च म्हणते. ज्यांचे घर, पार, शिवार त्या क्षेत्रात गेले, त्यांच्यासाठी काळाचे दोन भाग झाले: बुडण्याआधीचा आणि नंतरचा. नोहाच्या पुराची गोष्ट न ऐकताही त्यांना त्या लांबलचक शब्दाचा अर्थ कळतो, आणि त्यांच्या तोंडी त्यात थट्टा नसते.