इंग्रजी संग्रहवाचक क्रियापदे आणि शब्दयोगी अव्ययाची निवड

‘स्टेशनवर लोक जमले’ या साध्या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करताना मराठी विद्यार्थी ‘गॅदर्ड ऑन द स्टेशन’ असे लिहितो. शिक्षक ‘ऑन’ खोडून ‘ॲट’ लिहितो आणि ‘गॅदर’पुढे ‘ॲट’ येते असे सांगतो. पुढे मेजावर धूळ साचल्याचे वाक्य आले की तोच विद्यार्थी ‘गॅदर्ड ॲट द टेबल’ असे लिहून मोकळा होतो. धुळीऐवजी माणसे जमली असती तर हे वाक्य निर्दोष ठरले असते. पहिली चूक सुधारली गेली खरी, परंतु ती सुधारताना जो नियम सांगितला गेला तोच मुळात नियम नव्हता.

या प्रकाराचे मूळ याद्यांच्या परंपरेत आहे. भारतीय शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात ‘टु’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘फ्रॉम’ अशा शब्दयोगी अव्ययांखाली क्रियापदांच्या याद्या दिलेल्या आढळतात. ‘डिपेंड’पुढे ‘ऑन’, ‘ॲब्स्टेन’पुढे ‘फ्रॉम’ अशी ही व्यवस्था आहे आणि तिच्या मर्यादेत ती योग्यच आहे. ‘डिपेंड’पुढील ‘ऑन’मध्ये ‘वर’ असा स्थलवाचक अर्थ आज कोणालाही जाणवत नाही. तेथे अव्ययाची निवड क्रियापदानेच करून ठेवली आहे. दोष याद्यांचा नाही. तीच दृष्टी ज्या क्रियापदांना लागू पडत नाही त्यांच्यावर लादण्याचा हा दोष आहे, आणि ‘गॅदर’, ‘कलेक्ट’, ‘असेंबल’, ‘काँग्रिगेट’, ‘ॲक्युम्युलेट’ ही संग्रहवाचक क्रियापदे नेमकी त्या प्रकारची आहेत.

जमण्याच्या क्रियेला अनेक अंगे असतात. जे जमते ते कोठून तरी येते, कोठे तरी जमते, कधी एखाद्या केंद्राभोवती जमते, कधी जमून त्याला एखादा आकार येतो, आणि माणसे असतील तर ती कशासाठी तरी जमतात. आसपासच्या वाड्यांतून आलेले गावकरी सभेसाठी देवळापाशी वडाच्या पाराभोवती जमले, असे वाक्य इंग्रजीत नेले तर ‘गॅदर’ या एकाच क्रियापदाच्या सोबतीला ‘फ्रॉम’, ‘फॉर’, ‘ॲट’ आणि ‘राउंड’ ही चारही अव्यये येऊ शकतात. यांपैकी ‘गॅदर’चे अव्यय कोणते, या प्रश्नाला उत्तर नाही.

बेथ लेव्हिन यांच्या ‘इंग्लिश व्हर्ब क्लासेस अँड ऑल्टरनेशन्स’ (१९९३) या ग्रंथात या क्रियापदांचा एक गट ‘हर्ड’ या क्रियापदाच्या नावाने बांधला आहे. ‘फ्लॉक’, ‘हडल’, ‘मास’ हीही त्याच गटात येतात. मराठीत जमणे आणि जमवणे, साचणे आणि साचवणे अशी स्वतंत्र रूपे लागतात, तेथे इंग्रजी ‘गॅदर’ किंवा ‘कलेक्ट’ एकाच रूपाने अकर्मक व सकर्मक दोन्ही कामे भागवते. असे साम्य टिपण्यासाठी लेव्हिन यांचे वर्गीकरण फार उपयुक्त आहे. तथापि स्थलवाचक अव्ययाची निवड हा त्या वर्गीकरणाचा विषयच नाही. क्रियापद कोणत्या वर्गातले हे कळल्याने धूळ मेजावर ‘ऑन’ साचते की ‘ॲट’, हे कळत नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या चुका सर्वत्र सारख्या पसरलेल्या नसतात, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. उगम दाखवताना तो क्वचितच अडखळतो. मराठीत वर्गणी लोकांकडून गोळा होते, माहिती पुस्तकांतून, लाकडे रानातून आणि पडलेली फुले जमिनीवरून. मराठी येथे बारकाईने भेद करते. इंग्रजीत ‘ऑफ’ अथवा ‘आउट ऑफ’ हे पर्याय काही ठिकाणी असले, तरी या सर्व वाक्यांत एकट्या ‘फ्रॉम’ने काम भागते. अनुमानाच्या अर्थी ‘गॅदर’ येते तेथेही हेच. ‘तुमच्या पत्रावरून असे दिसते’ यातील ‘वरून’ आणि ‘आय गॅदर फ्रॉम युअर लेटर’ यातील ‘फ्रॉम’ यांची जोडी सहज लागते. (मराठी ‘जमणे’ मात्र अर्थविस्तारात निराळ्याच दिशेने गेले. मराठीत लग्न जमते, आणि एखाद्याला पोहणे जमत नाही. इंग्रजी ‘गॅदर’ला यांपैकी काहीच जमत नाही.) अनेकांतून एकात येणे सोपे असते, म्हणून येथे चुका थोड्या.

स्थळ दाखवताना परिस्थिती उलटते. मराठी ‘वर’ हा प्रत्ययवत् झालेला शब्द अत्यंत उदार आहे. मेजावर धूळ साचते, डोंगरावर ढग जमतात, स्टेशनवर माणसे जमतात. पहिल्या वाक्यात पृष्ठभागाचा स्पर्श आहे, म्हणून इंग्रजीत ‘ऑन’. दुसऱ्यात स्पर्श अभिप्रेत नाही, ढग डोंगराच्या वरच्या आकाशात आहेत, म्हणून ‘ओव्हर’. तिसऱ्यात स्टेशन ही पृष्ठभाग म्हणून नव्हे तर ठिकाण म्हणून डोळ्यांपुढे आहे, म्हणून ‘ॲट’. पाटलाच्या वाड्यावर गाव जमले, या वाक्यात ‘ऑन’ घातले तर इंग्रजी वाचक सारे गाव कौलांवर चढवील.

क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बृहद् व्याकरणात (१९८५) या तीन अव्ययांचा उलगडा मितींच्या आधारे केला आहे. ‘ॲट’ स्थळाला बिंदू मानते, ‘ऑन’ रेषा किंवा पृष्ठभाग मानते, ‘इन’ क्षेत्र किंवा पोकळी मानते. येथे ‘मानते’ हा शब्द महत्त्वाचा. वस्तू कशी आहे यापेक्षा वक्ता ती कशी पाहतो यावर निवड ठरते. कारक हे वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, हे संस्कृत वैयाकरणांनी मान्य केलेलेच आहे. त्या दृष्टीने पाहता भारतीय अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. मात्र औपश्लेषिक, वैषयिक व अभिव्यापक या अधिकरणाच्या तीन भेदांची ‘ऑन’, ‘ॲट’, ‘इन’ यांच्याशी जुळणी करण्याचा मोह आवरला पाहिजे. औपश्लेषिक अधिकरण आणि ‘ऑन’ यांच्यात काही साम्य दिसते खरे, पण मोक्षाविषयीच्या इच्छेसारखी उदाहरणे ज्यात येतात ते वैषयिक अधिकरण आणि स्टेशनचा बिंदू यांचा काही संबंध नाही. संख्या तीनच आहे एवढ्याने जुळणी होत नसते.

विवक्षेचा हा भाग पंढरपूरच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमतात, असे मराठी म्हणते. सप्तमीचा ‘त’ पाहून विद्यार्थी ‘इन’ लिहितो आणि ‘वाळवंट’ म्हणजे ‘डेझर्ट’ हा शब्दकोशातील अर्थ त्याच्या मदतीला धावून येतो. परिणामी नदीकाठचा मेळा मरुभूमीत जाऊन पोचतो. इंग्रजी दृष्टीला तेथे नदीकाठची उघडी वाळू, म्हणजे पृष्ठभाग दिसतो, म्हणून ‘ऑन’. हेच वारकरी आषाढी एकादशीला पंढरपूरला जमतात तेव्हा ‘ॲट’ किंवा ‘इन’ दोन्ही चालतात. तीर्थस्थान म्हणून पाहिले तर पहिले, नगर म्हणून पाहिले तर दुसरे. या ‘ला’मुळे विद्यार्थी आणखी एका जाळ्यात सापडतो. मराठी ‘ला’ स्थिती आणि गती दोन्ही सांगतो, म्हणून तो ‘गॅदर टु पंढरपूर’ लिहितो. इंग्रजीत गतीचा अर्थ हवा असेल तर क्रियापदच बदलावे लागते, आणि ‘फ्लॉक टु पंढरपूर’ निर्दोष ठरते. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘गॅदर’पुढे ‘टु’ आणि ‘अन्टु’ विपुल आढळतात. मृत्यूनंतर मनुष्य आपल्या पूर्वजांना जाऊन मिळतो हा अर्थही तेथे याच रचनेने सांगितला आहे. तेव्हा विद्यार्थ्याची ही चूक तर्कदुष्ट नाही, ती कालबाह्य आहे.

‘इन’ आणि ‘इंटू’ यांची गल्लत याच जातीची. मुले गटागटाने जमली तर ‘इन ग्रूप्स’. विखुरलेल्या मुलांना आणून त्यांचे गट केले तर ‘इंटू ग्रूप्स’. पहिल्यात रीत आहे, दुसऱ्यात रूपांतर. मराठी ‘गोळा करणे’ या प्रयोगात रूपांतराचा आकार ‘गोळा’ या नामातच बसलेला असल्याने तो वेगळ्या अव्ययाने सांगण्याची सवय मराठी भाषकाला नसते. पीक घरात आणण्याच्या अर्थी ‘गॅदर इन’ येते, तेथील ‘इन’ मात्र नामाशी जोडलेले नाही. ते क्रियापदाचा अंश आहे आणि संस्कृत उपसर्गाच्या जवळचे आहे. ‘गॅदर अप’मधील ‘अप’ही तसेच.

‘गॅदर टुगेदर’ ही द्विरुक्ती म्हणून खोडण्याची प्रथा काही शिक्षकांत आहे. दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूपासून आले आहेत, हे खरे. पण ज्या भाषेत ‘एकत्र जमणे’ रूढ आहे तिच्या भाषकाने यावर तांबडी रेघ ओढावी हे चमत्कारिक आहे. ‘मीट’विषयी एवढेच पुरे की, ‘त्याला भेटणे’ यातील ‘ला’ इंग्रजीत शून्य होतो.

या सर्वांचा परिणाम केवळ शैलीपुरता नसतो. एखाद्या रुग्णालयासमोर जमाव जमल्याची मराठी बातमी इंग्रजीत नेताना ‘इन’ लिहिले तर जमाव आत शिरला, ‘आउटसाइड’ लिहिले तर तो दाराबाहेर राहिला, ‘राउंड’ लिहिले तर त्याने इमारतीला वेढा दिला, आणि ‘ॲट’ लिहिले तर आत की बाहेर हे उघडे राहिले. पोलीस तपासात वा न्यायालयात हे चार प्रसंग एक मानले जाणार नाहीत. हेच वाक्य रिकामी जागा भरण्याच्या प्रश्नात संदर्भावाचून दिले तर चारही उत्तरे बरोबर असतात. गुण मात्र नमुना उत्तरात छापलेल्या एकालाच मिळतो.