प्रश्न मागे ठेवणारा चित्रपट

सार्वजनिक चारित्र्य सुधारावे म्हणून चित्रपट दाखवावेत, ही सूचना ऐकली की पुष्कळांच्या मनात प्रथम शंकाच येते. कलेने उपदेश करावा आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तो विसरावा, हा अनुभव काही नवा नाही. म्हणून फ्रीगंजसारख्या वस्तीत सामुदायिक खेळ योजण्यापूर्वी एका मूलभूत प्रश्नाचा विचार केला पाहिजे: कोणता चित्रपट प्रेक्षकाला नागरिक करतो?

उज्जैनकराने यासाठी प्रथम आपल्याच नगरीकडे पाहावे. देवलांमुळे मराठी रंगभूमीला परिचित झालेले शूद्रकाचे 'मृच्छकटिक' येथेच घडते. त्याच्या नवव्या अंकात राजाचा मेहुणा शकार न्यायाधीशाला पदच्युतीची धमकी देतो आणि आपली खोटी फिर्याद त्याच दिवशी ऐकण्यास भाग पाडतो. दहाव्या अंकात त्याचा दास स्थावरक भर रस्त्यात सत्य सांगतो. पण शकार त्यालाच चोर ठरवतो आणि ते बोल वाया जातात. सत्य चव्हाट्यावर आल्याने भागत नाही. ते ऐकून घेणारा आणि त्याचा पाठपुरावा करणारा समाज असावा लागतो.

या कसोटीवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेले व जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेले दोन चित्रपट पाहण्यासारखे आहेत. 'सामना' (1975) मध्ये साखर कारखान्याच्या बळावर गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे-पाटील आणि दारूच्या आहारी गेलेला एक वृद्ध गांधीवादी मास्तर समोरासमोर येतात. मास्तरांच्या हाती ना अधिकार, ना निष्कलंक चारित्र्याचा डौल. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, एवढे मात्र ते विचारत राहतात. उत्तरदायित्व म्हणजे तरी दुसरे काय? नीळू फुले व श्रीराम लागू यांच्या अभिनयाने हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात असा रुततो की तो त्यांचाच होऊन जातो.

'सिंहासन' (1979) हा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. कलादृष्ट्या तो उणा नाही. राजकारणाचा त्याचा पट अधिक विस्तीर्ण आहे. परंतु सारे काही पाहणाऱ्या दिगू टिपणीस या वार्ताहराच्या मनाचा तोल शेवटी ढळतो, आणि 'सगळे एकाच माळेचे मणी' असे म्हणत प्रेक्षक घरी जाण्याचा धोका राहतो. असा वैताग शकारांना सोयीचाच असतो. म्हणून सामुदायिक खेळासाठी प्रस्तुत लेखक 'सामना' आधी निवडील.

शासनानेही चित्रपटांचा उपयोग केला होता. 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना एकेकाळी सक्तीचे होते. त्यांत कलावंतांची कामगिरी थोडी नाही. तथापि सर्वसाधारणपणे शासन सांगे आणि नागरिक ऐके, असाच तो व्यवहार होता. सामुदायिक खेळाने ही दिशा उलटली पाहिजे.

आज साधने उपलब्ध आहेत. 2005 चा माहितीचा अधिकार आहे. मध्य प्रदेशात 2010 पासून लोकसेवांची मुदतबद्ध हमी देणारा कायदा आहे. खेळ संपल्यावर व्याख्यान टाळावे आणि आपल्याच वस्तीचा एखादा प्रश्न निवडावा: अमुक रस्त्यासाठी किती रक्कम मंजूर झाली आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली? तिथेच अर्ज लिहावा. माहिती देण्यास कायद्याने सामान्यतः तीस दिवसांची मुदत दिलेली आहे. ती संपताच त्याच प्रेक्षकांनी पुन्हा जमून उत्तर वाचावे. उत्तर आले नसेल, तर अपील लिहावे.

मात्र त्या सभेत प्रारंभी एक गोष्ट व्हावी. खेळ योजणाऱ्या मंडळाने, आणि शाळेत खेळ झाला तर शाळेनेही, त्याचा जमाखर्च सर्वांसमोर मांडावा. आपल्याला कोणी प्रश्न विचारू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी 'सामना' दाखवून काय उपयोग?