मधुमती
बिमल रॉय-दिग्दर्शित हिंदी चित्रपट (१९५८). कथा ऋत्विक घटक यांची, संगीत सलिल चौधरी यांचे. बाह्यचित्रणाचा काही भाग नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात झाला. यातील पुनर्जन्म सांत्वनापुरताच वाटतो. खरे भय ध्वनीत आहे. नायिका दिसण्यापूर्वी तिचा सूर डोंगरांतून ऐकू येतो. लता मंगेशकरांच्या स्वरातील ही साद (पार्श्वगायनाचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार तिलाच लाभला) प्रथम प्रीतीची वाटते. कथेचा शेवट कळल्यावर तीच मृताची वाटू लागते. जॉनी वॉकर यांच्यावरील विनोदी गीत मात्र या वातावरणाला तडा देते. जमीनदाराकडून गुन्हा वदवून घेण्यासाठी रचलेल्या सोंगातील मधुमती अखेरीस खरीच निघते.