पाटस्थळ : कोशातील अर्थ आणि नदीकाठचा अर्थ

जुन्या महसुली दफ्तरांत बागायत जमिनीचे पाटस्थळ व मोटस्थळ असे दोन भेद आढळतात. पाटाच्या पाण्यावर भिजते ती पाटस्थळ, विहिरीच्या मोटेवर भिजते ती मोटस्थळ, हा कोशगत अर्थ चुकीचा नव्हे. तो अपुरा आहे. मोटेचे पाणी बहुधा विहीरमालकाचे, पाटाचे मात्र सामाईक. खानदेशात पांझरेकाठच्या फडपद्धतीत पाटकरी पाळीने पाणी देई आणि पाटाच्या साफसफाईचा भार बागायतदार वाहत. अर्थात् ‘पाटस्थळ’ या संज्ञेत हक्काबरोबर कर्तव्यही अंतर्भूत होते. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 याच्या नावात पाट आणि बंधारा हे शब्द टिकले आहेत. त्यांमागील कर्तव्याचा अर्थही कोशांत नोंदविला जाणे अगत्याचे आहे.