उपडे भिक्षापात्र आणि ब्रह्मदेशातील लष्करी सत्ता

डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या ब्रह्मदेशाविषयी आपल्याला आपुलकी आहे. म्हणूनच तेथील लष्करी सत्तेची भाषा आपण अधिक कठोरपणे तपासली पाहिजे. ही सत्ता दडपशाहीचे समर्थन श्रोता पाहून करते.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावल्यावर जगाला सांगण्यात आले की मतदारयाद्यांत घोळ होता आणि २००८ च्या संविधानाच्या कलम ४१७ नुसारच हे घडले. ते संविधान लष्करी राजवटीनेच घडविलेले, हे सांगायचे तेवढे राहिले! देशातील विरोधक त्याच वर्षी ‘दहशतवादी’ ठरले. उपासकांसाठी मात्र २०२३ मध्ये नेपिडॉ येथे संगमरवरी भव्य बुद्धमूर्ती उभी राहिली.

सैनिकांना जे ऐकविले गेले, ते सर्वांत गंभीर. ऑगस्ट २०१७ पासूनच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्याच ऑक्टोबरात सितगु सयाडो या ख्यातनाम महाथेरांनी लष्करी अधिकाऱ्यांपुढे महावंसातील दुट्ठगामणीची कथा सांगितली. युद्धानंतर व्यथित झालेल्या राजाला अर्हत सांगतात की त्याच्या हातून दीडच मनुष्य मेला : एक पंचशील घेतलेला, अर्धा केवळ त्रिसरण घेतलेला, बाकीचे पशुवत. महावंस हा सिंहलद्वीपाचा इतिवृत्तग्रंथ, तिपिटक नव्हे. ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणताना आपण मरणाऱ्याचा धर्म विचारीत नाही. हे गणित आम्हांस परिचित आहे. शूद्राच्या हत्येला ब्राह्मणहत्येच्या सोळाव्या हिश्श्याचे प्रायश्चित्त सांगणारी मनुस्मृती १९२७ मध्ये महाडला जाळली गेली, ती काय उगीच?

या भाषेला खरे उत्तर संघानेच दिले होते. विनयातील चुल्लवग्गात ‘पत्तनिक्कुज्जन’ कर्म आहे : संघाचे अहित करणाऱ्या, बुद्ध-धम्म-संघाची निंदा करणाऱ्या उपासकापुढे पात्र उपडे करावे, त्याचे दान घेऊ नये. १९९० मध्ये मंडालेच्या भिक्खूंनी लष्करी कुटुंबांविरुद्ध ते योजले. सत्तेला दायक म्हणून मिरवायचे होते. भिक्खूंनी दानच नाकारल्यावर त्या समर्थनाला श्रोताच उरला नाही. म्हणूनच ती इतकी बिथरली असावी, असे आम्हांस वाटते. ऑक्टोबरात विहारांवर छापे पडले आणि कायद्याने नऊच निकायांना मान्यता उरली. २००७ मध्ये पात्रे पुन्हा उपडी झाली, तेव्हा सरकारी वृत्तपत्रांनी त्या भिक्खूंना ‘खोटे भिक्खू’ म्हटले.