दप्तर, फीत आणि नाव : अभिलेख-परिभाषेची एक चिकित्सा

भाषाविभागांकडे बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा साठा जसजसा वाढत जातो, तसतसा तो सर्व्हरमधून काढून चुंबकीय फितींवर उतरवून ठेवण्याचा प्रश्न उपस्थित होतो. हे काम यंत्रज्ञांचे, असे मानून भाषाभ्यासक त्यापासून दूर राहतो. प्रस्तुत टिपणात असे दाखवावयाचे आहे की, फीतसंग्रहाच्या जुळणीतील घातक दोषांपैकी काही प्रमुख दोष मूलतः नामकरणाचे दोष असतात. आणि नामकरण हा तर भाषाभ्यासकाचाच प्रांत होय.

या प्रश्नाचे महत्त्व मिरजेच्या परिसरातील अभ्यासकास निराळे सांगावयास नको. मिरजेलगतच्या कुपवाड गावातील कन्नड, मराठी व उर्दू यांच्या स्थानिक रूपांची वाक्यरचना परस्परांच्या किती जवळ आली आहे, हे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. शब्द वेगळे, पण वाक्याचा साचा जवळजवळ एकच, असा त्यांचा निष्कर्ष. १९९८ पासून कुपवाड हे सांगली-मिरजेसह एकाच महानगरपालिकेत आहे. अशा ठिकाणच्या बोलण्यात पालट होत असताना तो निष्कर्ष पुनःपुन्हा पडताळून पाहणे अगत्याचे ठरते; आणि त्या पडताळणीस छापील वाक्ये पुरत नाहीत. आघात, सूर, विराम यांसाठी मूळ आवाजच हवा. आज मुद्रित केलेला आवाज तीस वर्षांनी हाती येईल की नाही, हा म्हणूनच संशोधनाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.

प्रथम ‘टेप लायब्ररी’ ही संज्ञा घेऊ. तिचे ‘फीत-ग्रंथालय’ असे भाषांतर केले, तर अर्थाची दिशाभूल होते. ग्रंथालयात शंभर वाचक एकाच वेळी शंभर पुस्तके उघडू शकतात. येथे कप्प्यांत चाळीस फिती असल्या आणि ड्राइव्ह दोनच असले, तर एका वेळी दोनच फिती वाचता येतात. उरलेल्या अडतीस केवळ ठेवलेल्या असतात. या व्यवस्थेस जवळचा मराठी शब्द ‘दप्तर’ हा होय. दप्तरात कागद रुमालात बांधलेले असतात, कारकून फेरिस्त पाहून नेमका रुमाल काढतो, बैठकीवर सोडतो, आणि काम झाल्यावर जागच्या जागी ठेवतो. रुमालाच्या ठायी फीत, कारकुनाच्या ठायी यांत्रिक हात, बैठकीच्या ठायी ड्राइव्ह आणि फेरिस्तीच्या ठायी संगणकातील सूची, असे हे साम्य आहे.

दप्तराची किंमत कशाने ठरते, याचे उदाहरण मिरजेतच सापडते. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी पत्रे निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कागद त्यांच्यापूर्वीही सुरक्षित होते. परंतु क्रम, काल आणि पूर्वसंदर्भ जोडला गेल्यावरच ते इतिहासाचे साधन झाले. साठा आणि अभिलेख यांत एवढेच, पण निर्णायक अंतर आहे.

आता ‘पहिला ड्राइव्ह’ हा शब्दप्रयोग पाहू. फीतसंग्रहाची पेटी आपल्या ड्राइव्हना आपल्या क्रमाने ओळखते. सर्व्हर मात्र सुरू होताना जे उपकरण ज्या क्रमाने आढळेल त्या क्रमाने त्यास नाव देऊ शकतो. केबल बदलली किंवा यंत्र पुन्हा सुरू झाले की हा दुसरा क्रम बदलण्याचा संभव असतो. मग यांत्रिक हात एका ड्राइव्हमध्ये फीत घालतो, सर्व्हर दुसऱ्यापाशी वाट पाहतो, आणि जागेवर असलेली फीत ‘मिळत नाही’ असा निर्वाळा मिळतो. कारण ‘पहिला’ हे येथे विशेषनाम नव्हेच. ‘मी’ आणि ‘तू’ यांप्रमाणे ते बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून राहणारे पद आहे; येस्पर्सन आणि पुढे याकोब्सन यांनी ज्यांस ‘शिफ्टर’ म्हटले त्या जातीचे. त्यावर उपाय एकच. प्रत्येक ड्राइव्हच्या अनुक्रमांकाशी बांधलेले कायम नाव सर्व्हरला द्यावे, आणि एकेक फीत घालून कोणते नाव उत्तर देते ते प्रत्यक्ष पडताळावे.

फितीलाही दोन नावे असतात : बाहेर चिकटविलेला बारकोड आणि फितीच्या आरंभी लिहिलेले अंतर्गत नाव. ही दोन्ही जुळली पाहिजेत, आणि एक बारकोड दोन फितींस कधीही देता कामा नये. ज्या संग्रहात एका नावाचे दोन धनी असतात, तेथे सूचीवर विश्वास ठेवता येत नाही.

तिसरा गोंधळ ‘बॅकअप’ व ‘अर्काइव्ह’ यांचा. मराठीत दोहोंस ‘जतन’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु बॅकअप ही चालू सामग्रीची प्रत. ठरलेली मुदत संपली की तिची फीत पुन्हा लिहिली जाते. अभिलेखाची मूळ प्रत सर्व्हरवरून काढून टाकलेली असू शकते. दोन्ही प्रकारच्या फिती एकाच गटात नोंदविल्या, तर यंत्र आज्ञाधारकपणे कुपवाडच्या वृद्धेच्या आवाजावर कार्यालयाचे हिशेब लिहील. ‘प्रत’ आणि ‘अभिलेख’ हा भेद परिभाषेत राखला, तर फितींचे गटही वेगळे राहतील.

येथे असा आक्षेप संभवतो की, यंत्रज्ञ इंग्रजी शब्द वापरतात, तेव्हा मराठी परिभाषेची चिकित्सा कशासाठी? शब्द परका असण्यास आमची हरकत नाही. फेरिस्त आणि दप्तर हेही फारसीतूनच आले. हरकत आहे ती दोन अर्थांस एक शब्द वापरण्याला. काय राखावे आणि किती काळ, हे विभाग ठरवितो. त्याची आज्ञाच संदिग्ध असली तर यंत्रज्ञ काय करणार?

दप्तराच्या उपमेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. फेरिस्त हरवली तरी मोडी जाणणारा मनुष्य रुमाल सोडून कागद वाचू शकतो. फीत मात्र ड्राइव्हवाचून मुकी असते. प्रचलित एलटीओ पद्धतीत सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचू शकत. आठव्या व नवव्या पिढीत ही सोय एका पिढीपुरती उरली, आणि २०२५ साली आलेल्या दहाव्या पिढीचा ड्राइव्ह मागील कोणतीही फीत वाचत नाही. म्हणजे मोडीला दोन शतकांत जी अवस्था आली, ती येथे काही वर्षांतच येऊ शकते.

सारांश, विभागाने फिती घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात : ड्राइव्ह व फिती यांची न बदलणारी नावे; प्रत व अभिलेख यांचे स्वतंत्र गट; आणि जुन्या फिती नव्या पिढीवर उतरविण्याची मुदत. सूचीची एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवावी, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत स्थळ, काल, भाषकाचे वय व भाषा यांची नोंद असावी. शास्त्रीबोवांनी पत्रांसाठी जे केले, तेच आवाजांसाठी करावयाचे आहे. आणि ते काम कोणताही यांत्रिक हात करणार नाही.